गाळात आखलेलं जहाज

देवळे गुरुजींना या पुस्तकात जागा द्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. शाळेचा विषय मी दोन पानांत उरकूनही टाकला होता. माझी सून माझं लिहिलेलं वाचून काना-मात्रा नीट करते. ती म्हणाली, "आई, बकरं कसं पारखायचं याच्यावर एवढं मोठं प्रकरण आन शाळेवर दोनच पानं?" तिला सांगितलं, शाळेत मला तेवढंच मिळालं. ते खोटं होतं. शाळेत मला पुष्कळ मिळालं, आणि ज्या माणसानं दिलं त्यानंच ते एका सकाळी गावासमोर काढून घेतलं. हिंगोलीच्या बाजारात मी उभं आयुष्य शेळ्या-मेंढ्यांचे सौदे केले. माझ्या तोंडाला भिऊन व्यापारी पलीकडच्या रांगेनं जातात हे मला माहीत आहे, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही. पण हा राग सुरू कुठून झाला असं कुणी विचारलं, तर मला एका जहाजापाशी जावं लागतं. समुद्रापासून इतक्या लांब आमच्याकडे जहाज कसं आलं, ते आता सांगते. कुणाला बरं वाटावं म्हणून त्यात काही गोड करणार नाही.

आमचं घर सिद्धेश्वर धरणाच्या काठच्या गावात, अगदी शेवटचं. पुढं फक्त उतार आणि पाणी. बा मेंढरं राखायचा. सुगी झाली की लोकांच्या रानात रात्रीची मेंढरं बसवायची, त्यांच्या लेंड्यांचं खत रानाला मिळायचं आणि रानवाला आम्हाला ज्वारी द्यायचा. मेंढरं रात्री पांगू नयेत म्हणून भोवती दोरीचं जाळं लावतात, त्याला आम्ही वाघूर म्हणतो. ते ताणून धरायला बाभळीच्या मेखा. त्या मेखा बा स्वतः तासायचा, टोकं विस्तवावर भाजून काळी करायचा आणि कुणाला हात लावू द्यायचा नाही. संध्याकाळी मेंढ्या परत यायच्या तेव्हा घरी कोंडलेली कोकरं आणि येणाऱ्या मेंढ्या एकाच वेळी ओरडायच्या. तो गलका मला अजून ऐकू येतो. एवढ्या कळपात प्रत्येक कोकरू बराबर आपल्याच आईखाली जायचं. माय तेव्हा चुलीपुढं असायची. कण्या शिजवलेल्या, वर ताक, नाहीतर भाकरीबरोबर अंबाडीची भाजी आणि लसणाचा ठेचा. बा दारात बसून चातीवर लोकर कातत असायचा. जेवतानाही त्याच्या एका हाताला ती चाती हवी असायची, म्हणून माय त्याला चिडवायची, "भाकर बी कातून खा आता."

उन्हाळा वाईट. रानं नांगरून पडायची, हिरवं म्हणून काही उरायचं नाही. पण त्याच दिवसांत धरणाचं पाणी मागं सरायचं आणि मोकळ्या झालेल्या गाळावर गवत यायचं. लुसलुशीत, दाट, वास लांबून यावा असं. पाऊस पडेपर्यंत आमचा कळप त्या गवतावर तगायचा. ते गवत नसतं तर कळप नव्हता, इतका साधा हिशेब होता. आमच्याकडे समज असा की पाण्यानं सोडलेली जमीन पाणी परत येईपर्यंत जित्राबांची. काठाला कुणी काकड्या लावायचं, कुणी भुईमूग टाकायचं, पण आतल्या मोठ्या पट्ट्यात कधी कुणी बांध घातला नव्हता. त्याला हद्द नव्हती आणि हद्द नव्हती म्हणून भांडण नव्हतं.

देवळे गुरुजी आमच्या शाळेत आले तेव्हा तिशीच्या आतले होते. दूरच्या जिल्ह्यातले, एकटेच, शाळेच्याच एका खोलीत राहायचे. समुद्र त्यांनीही पाहिला नव्हता. पण वर्तमानपत्रांतली आणि मासिकांतली कात्रणं चिकटवलेला एक मोठा पुठ्ठा त्यांच्याकडे होता, आणि त्यावर ते जहाज होतं. टायटॅनिक. आज लेकरालाही ठाऊक असलेलं नाव, तेव्हा आमच्या गावात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं. आमच्या पणज्यांच्या काळी पहिल्याच फेरीत बर्फाच्या डोंगराला घासून ते बुडालं होतं, आणि आता इतक्या वर्षांनी खोल तळाशी कॅमेरे सोडून लोकांनी ते शोधून काढलं होतं. बर्फ आम्हाला ठाऊक होता तो गारीगारवाल्याच्या पेटीतला. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "गुरुजी, एवढं लोखंड गारीगारानं कसं फुटलं?" गुरुजी इतके हसले की त्यांना चष्मा पुसावा लागला. त्यांचं मला पहिल्यांदा आवडलं ते हे, की मूर्खासारख्या प्रश्नाला ते मारत नव्हते.

त्या पुठ्ठ्यावर तळाचं एक चित्र होतं. जहाजाचे दोन तुकडे झालेले, पुढचा एकीकडे, मागचा बराच लांब, आणि मधल्या जागेत सगळं सांडलेलं: कोळसा, बॉयलर, बशा, बाटल्या, माणसांचे बूट. गुरुजींनी विचारलं, हे असं पसरून का पडलं असेल. मी म्हणाले, जड ते सरळ खाली जातं, हलकं ते वाहत जाऊन लांब पडतं, धरणातही तसंच असतं. दर उन्हाळ्यात गाळात मला बांगड्यांचे तुकडे एका जागी सापडायचे आणि मडक्यांची खापरं दुसऱ्या जागी, म्हणून मला ते ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी गुरुजी आमच्या दारात आले. मला सातवीनंतर मेंढरांमागं पाठवायचं ठरलेलं होतं. बाला ते म्हणाले, ही पोरगी शिरड शहापूरच्या हायस्कुलात गेली पाहिजे, नाहीतर मी रोज येऊन तुमच्या दारात बसेन. आणि खरंच रोज आले. मायनं त्यांना एकदा कण्या वाढल्या, त्या त्यांनी मागून घेतल्या. शेवटी बा वैतागून व्हय म्हणाला. माझ्यासाठी घराबाहेरच्या कुणी भांडावं, हे माझ्या आयुष्यात पहिल्यांदा घडत होतं. म्हणूनच पुढचं मला पचलं नाही.

जहाज कागदावर समजत नाही, असं गुरुजींचं मत. ते खऱ्या मापानं जमिनीवर आखलं तरच पोरांना कळेल की ते केवढं होतं. शाळेचं मैदान त्याला पुरणार नव्हतं, जहाजाचं नाकसुद्धा मावलं नसतं. मीच म्हणाले, धरणात चला. पाणी उतरायला लागलं होतं, गाळ वाळून वर पापडी धरली होती, अजून गवत आलं नव्हतं. सकाळची शाळा सुटली की आम्ही तिकडं जायचो. मापाला गाठी मारलेला दोर होता, रेषा मारायला शाळेच्या मैदानाची फक्की. ती संपली तेव्हा प्रत्येक पोरानं घरून चुन्यात राख मिसळून आणली. पुढच्या तुकड्याचं टोक आखून झालं आणि मी त्या टोकापासून मागं चालत निघाले, तेव्हा बाजूची रेषा संपेचना. आमच्या गावातली सगळी घरं त्यात बसली असती. मागचा तुकडा आखायला इतकं लांब जावं लागलं की तिकडून गुरुजींची हाक ऐकू येत नव्हती. ते टोपी हलवायचे, मी ओढणी हलवायची.

मग मधली जागा. तिथं गुरुजींनी आम्हाला नकाशा करायची खरी रीत शिकवली. सांडलेल्या वस्तू अशाच मांडून चालत नाही, आधी सगळी जागा सारख्या चौकोनांत कापायची, प्रत्येक चौकोनाला आकडा द्यायचा, आणि मगच कुठल्या चौकोनात काय पडलंय ते बघायचं. चौकोन पाडायचे तर कोपऱ्यांना खुंट्या लागणार. मी घरी आले आणि बाला मेखा मागितल्या. तो चातीवरून मान वर न करता म्हणाला, "जहाजाला मेखा कशाला गं? ते काय पळून राह्यलं का?" माय हसून हसून चुलीपुढं कलंडली. पण पाणी पुरतं उतरून गवत येईस्तोवर वाघूर लागणार नव्हती, म्हणून त्यानं दिल्या. मोजून नाही, विश्वासानं दिल्या. भाजलेल्या काळ्या टोकांच्या मेखा, पांढऱ्या रेषा, आणि चौकोनाचौकोनात आम्ही मांडलेली खापरं, फुटक्या बशा, जुन्या चपला. चार दगडी गोल म्हणजे बॉयलर. बांधावर उभं राहून बघितलं की पाणी काढून टाकलेला समुद्रच समोर आहे असं वाटायचं.

दोन-तीन वर्षांपूर्वी नातवानं मला मोबाइलवर त्या जहाजाचा नवा नकाशा दाखवला. आता पाण्यात यंत्रं सोडून त्यांनी त्याची इंच न् इंच छायाचित्रं काढली आणि ती जोडून अख्खं जहाज असं उभं केलंय की जणू कुणी सगळं पाणी उपसून टाकलं. मी मोबाइल हातातून सोडला नाही. पुढचा तुकडा तसाच, नाक गाळात रुतलेला, आमच्यासारखाच. मागचा मात्र आम्ही चुकीचा आखला होता. आम्ही दोन्ही तुकड्यांची तोंडं एकाच दिशेला ठेवली होती. खरं म्हणजे मागचा तुकडा बुडताना फिरला आणि उलट्या तोंडानं पडला. नातू म्हणाला, आजी, तुला याच्यातलं काय कळतंय? मी त्याला म्हणाले, तुझ्या बापाच्या जन्माआधी मी या जहाजावरून चालले आहे. त्यानं आपल्या आईकडे बघून डोळे फिरवले.

आता गुलाबराव. गावातले मोठे बागायतदार, शाळा समितीचे अध्यक्ष, आणि ज्यांच्या रानात आमची मेंढरं सर्वांत जास्त बसायची ते. आमच्या घरातली निम्मी ज्वारी त्यांच्या खळ्यावरची. एका संध्याकाळी ते मोटारसायकलवरून बांधावर आले, गाडी बंद न करताच बराच वेळ खाली बघत राहिले, आणि मग गुरुजींना हाक मारून वर बोलावलं. काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही. गुरुजी हात पसरून जहाज दाखवत होते आणि गुलाबराव मान डोलावत होते, पण त्यांची नजर तुकड्यांवर नव्हती. ती मधल्या चौकोनांवर होती. त्यानंतर गुलाबराव दोन-तीनदा शाळेत येऊन बसले. गुरुजींच्या खोलीतून चहाचा वास यायचा. आम्हाला गुरुजी म्हणाले की आता काही दिवस तिकडं जायचं नाही, अभ्यासाचं बघा.

आमच्याकडच्या माणसाला फक्कीचं भय असतं. रानात पांढरी रेषा पडली म्हणजे मोजणी झाली, आणि मोजणी झाली म्हणजे सरकार झालं. ती रेषा खरी का खोटी, हे कुणी विचारत नाही, तिला पायानं पुसायची हिंमत कुणी करत नाही. जहाजाची गोष्ट फक्त पोरांना ठाऊक होती, आणि पोरांचं बोलणं कोण मनावर घेतो. गावात बोलणं सुरू झालं की धरणातल्या गाळाची मोजणी झाली, यंदा गाळपेराचे तुकडे पाडून देणार, म्हणजे गाळाच्या जमिनीत पेरायचा हक्क. विहिरीवर एका बाईनं मला बाजूला घेऊन विचारलं, "सगुणे, तू व्हतीस म्हनं मोजायला. सातव्या चौकोनात माती कशी हाय गं?" मी म्हणाले, "मावशी, सातव्यात नुसत्या बशा पडल्यात." तिला वाटलं मी भाव खातेय. आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

मी हे सगळं गंमत म्हणून गुरुजींना सांगितलं. ते हसले नाहीत.

पाणी आणखी उतरलं, गवत कोवळं कोवळं वर आलं, आणि एका सकाळी बा कळप घेऊन निघाला. सुट्टी होती म्हणून मीही बरोबर. मेंढरं उतार दिसला की पळत सुटतात, त्यांना वास येतो. खाली पोचलो तर गुलाबरावांचे गडी काठ्या घेऊन फक्कीच्या रेषेवर उभे. पलीकडं दोन ट्रॅक्टर गवत पालथं घालत होते. खापरं, चपला, आमचे दगडी बॉयलर, सगळं कडेला ढीग करून टाकलेलं. चौकोन तेवढे तसेच, आणि कोपऱ्यांवर बाच्या मेखा. गड्यांनी सांगितलं, हे तुकडे वाटून झालेत, मेंढरू आत गेलं तर कोंडवाड्यात जाईल. तुकडे कुणाला गेले तर गुलाबरावांच्या मेव्हण्याला, भाच्याला, त्यांच्या ओट्यावर बसणाऱ्यांना. बा आधी समजावून सांगत होता, मग त्याचा आवाज चढला. गाव जमा झालं. गुलाबराव आले, त्यांच्याबरोबर धरणाच्या कामावरचा एक तरुण साहेब, आणि त्यांच्या मागं देवळे गुरुजी. गुरुजींना पाहून मला हायसं वाटलं. अजून आठवलं की स्वतःचीच चीड येते, पण खरंच हायसं वाटलं.

साहेब वाईट नव्हता. त्यानं बाला बोलू दिलं. बा म्हणाला, ही मोजणी नाही, हे शाळेतल्या पोरांनी आखलेलं जहाज आहे. लोक हसले. बासारखा माणूस जहाजाचं नाव घेतोय याचंच त्यांना हसू आलं. साहेब पण जरा हसला. मी पुढं झाले आणि म्हणाले की हा पुढचा तुकडा, तो मागचा, या चौकोनांना आम्हीच आकडे दिलेत. गुलाबराव मला म्हणाले, "सगुणा, मोठ्यात लेकरानं बोलू न्हाई." मग बा गुरुजींकडे वळला. त्यानं हातातली काठी खाली ठेवली. बानं रानात काठी खाली ठेवलेली मी तोवर कधी पाहिली नव्हती.

"गुरुजी, तुमी शिकलेले. माझ्या लेकराला तुमीच शिकवलं. एवढंच सांगा सायबाला, हे जहाज हाय का मोजणी?"

मेंढरं रेषेपाशी तोंड खाली घालून उभी होती. गुरुजींनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. माझ्याकडे त्यांनी एकदाही बघितलं नाही. साहेबानं पुन्हा विचारलं, मापं कुणी घेतली. तेव्हा ते म्हणाले, "मापं मी घेतली आहेत. बरोबर आहेत. सगळे चौकोन सारखे आहेत."

एवढंच. यात एक शब्द खोटा नाही. मी पुढं आयुष्यभर बाजारात खोटं बोलणारी माणसं पाहिली, खुरात रोग असलेलं बकरू ठणठणीत म्हणून गळ्यात मारणारी, आणि त्यांच्याशी मला वागता येतं. पण असा खरं बोलून गळा कापणारा मला परत भेटला नाही. साहेबानं मान डोलावली. बानं काठी उचलली. जाताना त्यानं फक्त आपल्या मेखा मागितल्या, रात्रीला वाघूर लावायची होती. गुलाबराव अगदी प्रेमानं म्हणाले, "राहू दे रं आता, पावसाळ्यात घे. पाणी आलं की कोन ठेवतंय त्या." त्या रात्रीपासून आम्ही दोघी मायलेकी पाळीपाळीनं कळपाभोवती जागलो.

बा मला रागावला नाही. त्याला ते जमलंच नाही. मायनं मात्र पिठाचा हात झटकत एकदा म्हटलं, "शिकली गं बाई माझी. बापाच्याच मेखांनी बापाचं रान बांधलं." ती विनोदानं बोलायची बाई, हेही तिनं तशाच सुरात म्हटलं आणि लगेच भाकरी थापायला लागली. पण ते वाक्य मला मनावरून कधी उतरवता आलं नाही. माझ्या हातानं मारलेली फक्की, मी दोर धरून सरळ केलेल्या रेषा. दुसऱ्या कुणी वाकड्यातिकड्या मारल्या असत्या तर साहेबाला संशय तरी आला असता.

ऊन तापलं तसं चौकोनांत टरबुजं धरली. एक चौकोन गुरुजींचा होता, मागच्या तुकड्याला लागूनचा. हे मला नंतर कळलं, आणि तेही असं की त्यांनी आमच्या घरी एक टरबूज पाठवलं. मायनं ते हातात घेऊन वाजवून पाहिलं, पिकलेलं होतं. मी ते तिच्या हातातून घेतलं आणि शाळेत गेले. गुरुजी दारातच बसले होते. म्हणाले, "सगुणा, ऐकून घे. माझी आई तिकडं गावी अंथरुणाला आहे. गुलाबरावांनी बदलीचं बघतो म्हणून शब्द दिला आहे. पावसाळ्यात हे सगळं परत पाण्याखाली जाणार, तुझ्या बापाचं काय कायमचं गेलं का?" मी विचारलं, बदली आईसाठी, मग चौकोन कशाला घेतलात. मी टरबूज त्यांच्या पायरीवर आपटलं. त्यांच्या पायजम्यावर लाल शिंतोडे उडाले. एवढ्या चांगल्या फळाची नासाडी केली म्हणून घरी मायचा मार खाल्ला, आणि तो मी मुकाट्यानं खाल्ला नाही.

पाऊस लांबला. आधी कोकरं गेली, मग मेंढ्या उपासानं अंग टाकून बसायला लागल्या. आखाडाच्या तोंडावर बानं उरलेला कळप हिंगोलीच्या बाजारात नेला. आमच्याकडे जनावराचा सौदा रुमालाखाली होतो, दोघं एकमेकांची बोटं दाबतात आणि भाव ठरतो, बाहेरच्याला कळत नाही. व्यापाऱ्यानं रुमाल टाकला आणि बानं हात आत नुसता ठेवून दिला. त्याला विकायचंच नव्हतं, मग भाव काय करणार. मी त्याचा हात बाजूला केला आणि माझा आत घातला. भोवतीचे लोक म्हणाले, पोरीनं असं करू नये. व्यापारी बोटं दाबत होता, मी भाव नाकारून सोडवत होते, तो दाबत होता, मी सोडवत होते. माझ्या मनात त्या वेळी गुरुजींचं तोंड होतं. त्या दिवशी मी जो भाव काढला त्याची बाजारात पुढं कितीतरी दिवस चर्चा होती. बा परतीच्या एसटीत खिडकीशी बसला आणि रिकाम्या हातानं चाती फिरवल्यासारखी बोटं फिरवत राहिला. हायस्कूल राहिलं. दहावी मी लग्नानंतर बाहेरून दिली. गुरुजींची बदली त्याच वर्षी झाली.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात शिरड शहापूरला माझ्या गोठ्यासमोर एक म्हातारा येऊन उभा राहिला. पाठ वाकलेली, चष्मा जाड. मी ओळखलं, पण ओळख दिली नाही. ते म्हणाले, "सगुणाबाई, मी देवळे." मी गड्याला बाज टाकायला सांगितली, चहा मात्र सांगितला नाही. त्यांनी तो मोबाइलवरचा नवा नकाशा पाहिला होता. एवढ्या लांबून ते एसटी बदलत बदलत आले होते, मला हे सांगायला की आपला मागचा तुकडा चुकला होता. मी म्हणाले, मला ठाऊक आहे. मग म्हणाले की ते माफी मागायला आले आहेत, आणि माझ्या पायांकडे वाकले. मी पाय मागं घेतले.

मी म्हणाले, "इथं गोठ्यात माफी मागून काय होतंय गुरुजी? बकऱ्यांनी ऐकावी का? जिथं बोललात तिथं चला. बाला जे सांगायचं होतं ते तिथं सांगा, माणसांपुढं."

त्यांना वाटलं मी रागाच्या भरात बोलतेय. मी गड्याकडून जीपची किल्ली घेतली. वाटेत ते म्हणत होते की गुलाबराव गेले, तुमचे वडील गेले, तिथं आता कोण असेल. मी म्हणाले, असेल कुणीतरी.

धरण काठोकाठ होतं. आम्ही ज्या उतारानं मेंढरं न्यायचो तो पाण्याखाली, जहाज तर कुठल्या कुठं. काठावर मासे धरणारी तीन-चार पोरं जाळी सोडवत बसली होती. मी त्यांना म्हणाले, अरे, हे गुरुजी आहेत, यांना तुमाला काही सांगायचंय. पोरं जाळी सोडून उठली, म्हातारा माणूस म्हणून एकानं डोक्यावरची टोपीही काढली. गुरुजी पाण्याकडे तोंड करून उभे राहिले. मग म्हणाले, "इथं जहाज होतं. ती मोजणी नव्हती. मी खोटं बोललो नाही, पण खरं सांगितलं नाही. ते जहाज होतं."

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. त्यांतला धाकटा मला म्हणाला, "मावशी, बाबा काय बोलून राह्यले? सिद्धेश्वरात जहाज कुठून येईल? आमच्या डोंग्याला पानी पुरंना गेल्या साली." बाकीचे हसले. वाईट मनानं नाही, पण हसले. गुरुजींनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्या चौकोनांवरून चाललेलं माणूस त्या काठावर मी एकटीच होते. मी नुसतं व्हय म्हटलं असतं तरी त्यांचा मान राहिला असता. त्यांना ते हवं होतं, आणि ते काय हवंय हे मला बराबर कळत होतं.

मी जीपचं दार उघडलं. "चला गुरुजी," म्हणाले, "तुमची गाडी चुकंल."

औंढ्याच्या फाट्याला मी गाडी थांबवली. त्यांची एसटी उभीच होती. पिशवी सावरत ते खाली उतरले, दोन पावलं गेले आणि परत खिडकीशी आले.

"झालं ना, सगुणाबाई?"

"न्हाई," मी म्हणाले, आणि गाडी वळवली.